ईश्वरीस सांगितले

बाबांच्या वर्षश्राद्धाला महिना उरला होता. रविवारी सकाळी आईने सामानाची यादी करायला घेतली. तांदूळ, उडदाची डाळ, गवार, लाल भोपळा, आमसुलं, एवढं लिहून ती थांबली.

"खिरीला अर्धा कप दूध घालू," ती म्हणाली. "बाकी पाणी."

मला वाटलं, तिचं काहीतरी चुकतंय. "आई, आठ पानं आहेत. दोन लिटर तरी लागेल."

"तुम्हा सगळ्यांसाठी वेगळी करीन. मी त्यांच्या पानातली म्हणतेय. त्यांना अर्धा कपच चालायचं."

"आणि कढी?"

"त्यांच्या पानात नको. दही बंदच होतं ना."

ती हे अगदी सरळपणे बोलत होती, वाण्याला फोनवर सामान सांगावं तसं. मी म्हटलं, "आई, आता काय होणार आहे त्यांना?"

"तक्ता तुझाच आहे," आई म्हणाली आणि पुढची ओळ लिहू लागली.

तक्ता अजून फ्रिजवर होता. अकरा महिन्यांत तो काढावा असं आम्हा दोघींपैकी कुणालाच वाटलं नव्हतं. मी तो कॉलेजात लॅमिनेट करून आणला होता. वाशीच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, त्यामुळे छापणं, कापणं, चिकटवणं माझ्या हातातलं. वर जाड अक्षरात 'जयप्रकाश खोत, किडनी आहार', खाली दोन रकाने. चालेल आणि चालणार नाही. चालेल या रकान्यात दूध अर्धा कप, तेही दिवसभरात. चालणार नाहीमध्ये पनीर, चीज, दही, ताक, खवा, बासुंदी, श्रीखंड. चीज या शब्दाखाली मी लाल रेघ ओढली होती, कारण मला बाबा माहीत होते.

बाबा न्हावा शेवा बंदरात एका कस्टम एजंटाकडे तीस वर्षं कागदपत्रांचं काम करत. बर्फगार कंटेनरमधून जो माल येतो, त्याच्या कागदांत ते वाकबगार मानले जायचे. मालाचा एखादा कागद अडला की कंटेनर उन्हात उभा राहतो आणि आतला माल नासतो. बाबांचे कागद अडायचे नाहीत. चीज आणणारा एक आयातदार दर दिवाळीला पेढ्यांऐवजी चीजचा एक गोळा पाठवायचा. आमच्या घरात पहिल्यांदा तो आला तेव्हा आईने वास घेतला आणि गॅलरीत नेऊन ठेवला. बाबांनी सुरीने पातळ काप काढून पोळीत गुंडाळून खाल्ला आणि त्या दिवसापासून ते चीजचे झाले. सोसायटीतले लोक थट्टा करायचे की खोतांना कोकणातलं काजू-फणस गोड लागत नाही, हॉलंडचं काय ते पाठवा.

किडन्या निम्म्याहून जास्त गेल्याचं कळलं तेव्हा पथ्य माझ्याकडे आलं. आई स्वयंपाक करायची आणि काय करायचं ते मी ठरवायची. मी या विषयावर मिळेल ते वाचलं, पेन्सिल हातात घेऊन. प्रथिनं जास्त झाली की थकलेल्या किडनीवर भार येतो. दुधातलं फॉस्फरस रक्तात साठतं आणि हाडं पोखरतं. बाजारच्या चीजमध्ये वरून मीठ. हे सगळं बरोबरच होतं, आणि बाबांनाही ते पटलेलं होतं. पण पटणं वेगळं आणि जीभ वेगळी. ते माझ्याशी सौदे करायचे.

"ईश्वरी, बुरशीचं चीज म्हणजे पेनिसिलिनच की. औषध म्हणून दे."

"बाबा, तक्ता बघा."

"आज एकादशी आहे. उपवासाला पनीर चालतं, शास्त्रात आहे."

"कुठल्या शास्त्रात?"

"तुझ्या लायब्ररीत बघ, असेल."

एकदा त्यांच्या चष्म्याच्या घरात चीजची चौकोनी वडी सापडली, चांदीच्या कागदातली. मी ती त्यांच्यासमोर धरली तर म्हणाले, "चष्मा कुठे गेला मग?" आई हसली, मीही हसले. वडी मी कचऱ्यात टाकली.

तर त्या रविवारी मी तक्ता फ्रिजवरून काढायचं ठरवलं. फेकायला हात होईना, म्हणून बाबांच्या औषधांच्या फायलीत ठेवायला गेले. ती फाइल त्यांनी स्वतः लावलेली. डाव्या बाजूला आवक, उजव्या बाजूला अहवाल, प्रत्येक कागदावर तारीख. मी अहवालांच्या बाजूलाच जायचे, दर महिन्याला डॉक्टरांकडे जाताना. आवक मी कधी उघडून पाहिली नव्हती, तिथे पावत्या असायच्या.

पावत्यांच्या वर एक घडी घातलेला कागद होता. डायलिसिस सेंटरचा छापील कागद, मधे हाताने भरलेला. 'डायलिसिस सुरू झाल्यानंतरचा आहार.' त्याखाली: 'प्रथिनं वाढवणे. घरचं बिनमिठाचं पनीर ५० ग्रॅम, डायलिसिसच्या दिवशी, फॉस्फरसच्या गोळीबरोबर. अंड्याचा पांढरा भाग चालेल. दूध पूर्वीइतकंच. बाजारचं चीज नको.' शेवटी सही, संघप्रिया, आहारतज्ज्ञ. आणि वरच्या कोपऱ्यात बाबांचं अक्षर. तीस वर्षं जसं ते प्रत्येक आलेल्या कागदावर लिहीत आले तसं.

'मिळाले. १४/३. ईश्वरीस सांगितले.'

मी कॉटवर बसून राहिले. आईने बाहेरून विचारलं, गवार किती लिहू. मी म्हटलं, एक किलो.

कारण त्यांनी सांगितलं होतं. मला तो दिवस आठवत होता, अगदी स्वच्छ. डायलिसिस सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. मी कॉलेजला निघाले होते, पायात चप्पल होती. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते, हाताला कापसाची पट्टी.

"ईश्वरी, आता पनीर चालतं म्हणे मला. उलट खायला पाहिजे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"तिथल्या बाई. आहारवाल्या."

"बाबा, चालूपणा नको हं," मी म्हणाले, हसत. "एकादशी झाली, पेनिसिलिन झालं. आता बाई."

तेही हसले. मग म्हणाले, "बरं." मी दार ओढून घेतलं.

त्यांनी कागद दाखवला नाही. मी मागितला नाही. आयुष्यभर त्यांनी परक्यांना कागद दाखवून माल सोडवला होता. घरच्या माणसापुढे खिशातून कागद काढावा लागावा, हे त्यांना कमीपणाचं वाटलं असेल. किंवा एवढं काही वाटलंही नसेल. मी आता त्यांच्या मनात काहीही घालू शकते, ते अडवायला येणार नाहीत.

डायलिसिस चौदा महिने चाललं. दर महिन्याला मी अहवाल घेऊन मोठ्या डॉक्टरांपुढे बसायचे. ते विचारायचे, "डाएट व्यवस्थित चालू आहे ना?" आणि मी म्हणायचे, "काटेकोर." ते एका कागदाबद्दल विचारत होते, मी दुसऱ्याबद्दल सांगत होते. सुरुवातीच्या महिन्यांत मला प्रथिनांचा आकडा उतरलेला दिसला होता. मी वाचलं होतं की आजारानेही तो उतरतो, आणि तेवढ्यावर मी समाधान मानलं, पुढे तो आकडा बघितलाच नाही. पोटॅशियम जागेवर होतं. पोटॅशियमच्या आकड्याभोवती मी दर महिन्याला गोल करायचे.

आईला काही बोलले नाही. त्या चौदा महिन्यांतला प्रत्येक स्वयंपाक तिने त्या तक्त्यावर केला होता. त्यांना आवडेल ते वगळून काय उरतं यातून तिने रोज दोन वेळचं ताट उभं केलं होतं. दुधी, पडवळ, दोनदा उकळून पाणी काढलेला बटाटा. तिला हे सांगायचं म्हणजे त्या प्रत्येक ताटातून परत फिरवायचं. आधी मला कळायला हवं होतं की मी त्यांचं किती नुकसान केलं.

सोमवारी रजा टाकून मी वाशीला सेंटरवर गेले. बाबांची पाळी असायची तीच वेळ, सकाळची सात ते अकरा. मी त्यांना तिथे फार वेळा आणलं नव्हतं. ठरलेला रिक्षावाला त्यांना आणायचा, आणि आईला गुडघ्यांमुळे जमायचं नाही. संघप्रिया माझ्याहून बरीच लहान निघाली. तिच्या टेबलावर मापाच्या वाट्या होत्या, एकात एक बसवलेल्या.

मी कागद तिच्यापुढे ठेवला आणि जे घडलं ते सांगितलं, जसंच्या तसं. चालूपणा हा शब्दसुद्धा.

तिने कॉम्प्युटरवर बाबांचे आकडे काढले. बराच वेळ बघत होती.

"असं बऱ्याच घरांत होतं ताई," ती म्हणाली. "आधीचं पथ्य इतकं पाठ झालेलं असतं की डायलिसिस सुरू झालं तरी लोक तेच धरून बसतात. मशीनमधून प्रथिनं निघून जातात, म्हणून आम्ही वाढवतो. घरी वाटतं, आम्हीच चुकतोय."

"त्यांना त्याने काय झालं असेल?"

"काका हार्टने गेले ना?"

"हो."

"मग पनीर दिलं नाही म्हणून गेले असं मी म्हणणार नाही. काहीच फरक पडला नाही असंही नाही म्हणणार, कारण मला माहीत नाही." तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "पण हे बघा ना. मार्च, एप्रिल, मेला आकडा उतरलाय. मी त्यांना ओरडले होते, मला आठवतंय. मग जूनपासून चढलाय. आणि नंतर तिथेच राहिलाय, अगदी शेवटपर्यंत. हे काही न खाता होत नाही."

"घरी आम्ही काहीच बदललं नव्हतं."

"मला तर म्हणाले होते, सुरू केलं." ती विचार करू लागली. मग म्हणाली, "बायजाबाईंना विचारा. त्यांचे मालक आणि काका शेजारशेजारच्या मशीनवर असायचे. आज त्यांचा वार आहे, बाहेरच बसल्या असतील."

बाहेर बाकावर एक साठीची बाई बसली होती. नऊवारी, नाकात मोठी नथनी, मांडीवर स्टीलचा डबा. रबाळे गावातल्या. नवरा, बाळाराम, आत मशीनवर. मी समोर उभी राहिले तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि माझं नाव विचारायच्या आधीच सरकून जागा केली.

"तू ईश्वरी ना? बस. बाबा फोटू दाखवायचं तुजा."

मी बसले. काय विचारायचं ते कळेना, म्हणून म्हटलं, "बाबा इथे काही खायचे का?"

"पनीर," त्या म्हणाल्या, लगेच. "बाईंनी आमच्या मालकांना लिवून दिलेलं, मी घरीच करते. दूध फाडायचं लिंबानं, फडक्यात बांधायचं, मीठ नाय. तुजे बाबा बगत बसायचं. म्हटलं, बाबा, तुमालाबी लिवून दिलंय ना, मंग डबा कुठं? तर म्हनले, घरी लेक हाय, फार कडक."

"असं म्हणाले?"

"हसत म्हनले गं. रागानं नाय." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग मी दोगांचं आनाय लागली. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मशीन सुटलं की हिथंच बसून खायचं दोगं. आदी गोळी चावायची, मंग पनीर. वजनकाटा नाय माज्याकडं, पन पन्नास ग्राम हाताला कलतं. तीस वर्सं मावरा इकलाय मी, पापलेट हातात घेतला की सांगते किती भरंल."

"तुम्ही त्यांना म्हटलं नाहीत, घरी सांगा म्हणून?"

"म्हटलं ना. चार येला म्हटलं. म्हनायचं, सांगितलंय. एकदा सांगितलंय, आता परत सांगायचं नाय." बायजाबाईंनी डब्याचं झाकण उगाच दाबून बघितलं. "आमचं मालकबी तसंच. एकदा नाय म्हटलं की दुसऱ्यांदा मागायचं नाय, उपाशी बसंल."

आतून कुणीतरी बाळारामांची पंधरा मिनिटं राहिली म्हणून सांगून गेलं. मी उठले. आभार मानायला हवे होते, पण तो शब्द त्यांच्यापुढे फार हलका वाटला. त्याच म्हणाल्या, "वाईट नको वाटून घेऊ. चवीनं खाल्लं त्यांनी. फक्त नाव ठेवायचं रोज."

"काय म्हणायचे?"

"म्हनायचं, बायजाबाई, हे पनीर नव्हं, हा ओला खडू हाय."

मला हसू आलं, आणि ते थांबवता येईना, म्हणून मी जिन्यात जाऊन उभी राहिले.

घरी आले तेव्हा आई उडीद निवडत होती. वाटेत मी ठरवत आले होते की सांगायचं की नाही. न सांगण्याची बाजू भक्कम होती. आईला त्याने काय मिळणार होतं? पण ती दूध अर्धा कप घालून खीर करणार होती, आणि मी समोर बसून ते बघणार होते, आणि त्यापुढच्या वर्षीही.

मी कागद तिच्या ताटाशेजारी ठेवला. तिने चष्मा लावून वाचला. कोपऱ्यातल्या अक्षरावर तिचं बोट थांबलं.

"आई, त्यांनी मला सांगितलं होतं. मला वाटलं, नेहमीसारखी थट्टा करतायत. मी ऐकलं नाही. चौदा महिने चुकीचं पथ्य चाललं, माझ्यामुळे."

 उडदातला एक खडा आईने बाजूला काढला, मग दुसरा.

"मलाही म्हणाले होते," ती म्हणाली.

"काय?"

"दोन-तीन दिवसांनी. मी भाजी चिरत होते. म्हणाले, अरुणा, पनीर कर ना थोडं, आता चालतं. मी म्हटलं, ईश्वरीला विचारा. म्हणाले, विचारलं. मी म्हटलं, मग ती काय म्हणाली? तर नुसते हसले." तिने चष्मा काढला. "मला कळलं होतं. ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलताना ते माझ्याकडे बघायचे नाहीत, चीज लपवलं की कसे छताकडे बघायचे. त्या दिवशी माझ्याकडे बघत होते."

"मग तू मला का नाही म्हणालीस?"

"तू एवढं वाचतेस. डॉक्टरांशी बोलतेस. मी म्हटलं, तिला माहीत असणार. मी मधे पडले आणि काही कमी-जास्त झालं तर? आणि गेल्यावर वाटत राहिलं, आपण तेव्हा करायला हवं होतं का. रोज वाटायचं. म्हणून म्हटलं, तक्ता तो तक्ता. तोच बरोबर होता. बरोबर नसेल तर मी कशाचा आधार धरायचा?"

 खाली मुलं सायकलच्या घंट्या वाजवत होती. मला वाटलं होतं, मी एकटीने केलेली चूक मी तिच्यापुढे आणतेय. ती तर आधीपासून तिच्या पदराला बांधलेली होती, माझ्याहून अकरा महिने जास्त.

मग मी बायजाबाईंचं सांगितलं. दोन डब्यांचं, हाताच्या मापाचं, ओल्या खडूचं. आई ऐकत होती. खडूवर तिचे ओठ हलले, पण हसली नाही. तिने विचारलं, "दूध गाईचं की म्हशीचं?"

"ते नाही विचारलं मी."

"फाडताना लिंबू किती?"

"आई, मला नाही माहीत."

"मग विचारलंस काय?" ती म्हणाली, आणि निवडलेले उडीद डब्यात ओतले. "परवा बुधवार ना? रिक्षा सांग सकाळची. मी येते."

बुधवारी तिच्या गुडघ्यांसकट आम्ही वाशीला गेलो. आई ठेवणीतली साडी नेसली होती, कुणाकडे पहिल्यांदा जाताना नेसते तशी. बायजाबाई त्याच बाकावर होत्या. मी ओळख करून द्यायला तोंड उघडलं, पण त्यांनी आईला बघितलं आणि उभ्या राहिल्या. आई त्यांच्या शेजारी बसली. काही क्षण दोघी समोरच्या भिंतीकडे बघत होत्या, जिथे हात धुण्याच्या सूचना लावल्या होत्या.

"किती द्यायचात तुम्ही त्यांना?" आईने विचारलं.

बायजाबाईंनी तळहात पुढे केला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर एक चौकोन आखून दाखवला. आई वाकून बघत राहिली, जणू तिथे खरंच काही ठेवलेलं होतं.

"संपवायचे?"

"एक दिवस ठेवलं नाय. डबाबी बोटानं पुसून द्यायचं."

आईने मान हलवली. मग तिने त्या रिकाम्या तळहातावर स्वतःचा हात ठेवला, आणि दूध कुठून आणता, असं विचारू लागली.